14 वर्षं शिकवूनही परदेशात 'तुम्ही शिक्षक आहात का' हे परत सिद्ध करायचं, हे बरोबर आहे का?

खडूवाली
सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलला मी 14 वर्षं विज्ञान शिकवलं, आठवी ते दहावी. एमएस्सी फिजिक्स, बीएड. गेल्या वर्षी मिस्टरांना कंपनीने लेस्टरला पाठवलं, डिपेंडंट व्हिसावर मलाही नोकरी करता येते, म्हणून म्हटलं आपलंच काम करू, दुसरं मला येतंय काय. इंग्लंडमध्ये शिक्षक म्हणून मान्यता मिळते त्याला क्यूटीएस म्हणतात आणि फेब्रुवारी 2023 पासून आपल्याकडे बीएड केलेल्यांना त्याचा थेट अर्ज करता येतो, फी पण नाही. पण भारतातल्या लोकांसाठी अट अशी की 11 ते 16 वयाच्या मुलांना शिकवायची पात्रता पाहिजे आणि विषय गणित, विज्ञान नाहीतर भाषा. माझं त्यात बसतं. माझ्या शाळेतल्या इतिहासाच्या मॅडम, ज्यांच्या तासाला पोरं मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी उठत नाहीत, त्यांनी अर्जच करायचा नाही. अमेरिकेतून किंवा ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या शिक्षकाला ही विषयाची अट नाही.

अडलं कुठे ते सांगते. त्यांना एक पत्र हवंय की ही बाई अधिकृत शिक्षक आहे, हिच्यावर कुठली बंदी किंवा कारवाई नाही. सुट्टीत आले तेव्हा शिक्षण खात्याच्या कार्यालयात 3 वेळा गेले. पहिल्यांदा साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा क्लार्क म्हणाले, "मॅडम, असलं पत्र आजवर कुणी मागितलंच नाही, तुम्हीच नमुना आणा." समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे बसून स्वतःचं चांगुलपण स्वतःच टाईप केलं, तेव्हा हात थरथरत होते हो. तिसऱ्यांदा आवक नंबर मिळाला. पत्र अजून नाही.

माझ्या हाताखालून हजारभर पोरं गेली, त्यातली किती इंजिनीअर झाली, एक तर इथेच लंडनला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. तिची डिग्री चालते आणि तिला शिकवणारीची चालत नाही का? मला हे अन्यायाचं वाटतंय. तुमचं मत सांगा.

लेस्टरकर
ताई, मी तुमच्याच गावात 6 वर्षं गणित शिकवतेय. त्रास खरा आहे, पण अन्याय म्हणाल तर मला पटत नाही. एक तर तुमची डिग्री चालत नाही असं कुणी म्हटलेलंच नाही, चालते म्हणूनच अर्ज घेतलाय. आणि ती डॉक्टर म्हणता ना, तिलाही इथल्या मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी करावी लागली आणि तसंच पत्र आणावं लागलं. तिला ते पटकन मिळालं असेल कारण डॉक्टरांची आपल्याकडे कौन्सिल आहे.

दुसरं, जे मला स्वतःला शिकावं लागलं. मी पुण्यात 65 पोरांच्या वर्गावर शिकवत होते, माझं फलकलेखन बघायला बीएडची पोरं यायची. इथे पहिल्या टर्मला नववीचा वर्ग, 29 मुलं. मी समीकरण सुंदर सोडवून दाखवलं, फळा भरला, सगळे गप्प होते, मला वाटलं तास छान झाला. मागे बसलेल्या विभागप्रमुख बाई नंतर एवढंच म्हणाल्या की तू छान समजावलंस, पण किती जणांना समजलं हे तुला कसं कळलं? मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी 30 छोटे पांढरे फळे आणून दिले, प्रत्येक मुलाने उत्तर लिहून एकदम वर धरायचं. धरले. 29 पैकी 11 बरोबर. मी फळ्याकडे बघून शिकवत होते इतकी वर्षं. त्या दिवशी घरी येऊन रडले मी, पण तेव्हापासून मी जास्त चांगली शिक्षक आहे. मुलं त्यांची आहेत, तर तपासायचा हक्क त्यांचा आहे.

खडूवाली
तपासू नका असं मी म्हणतच नाहीये लेस्टरकर ताई. वर्गात मागे येऊन बसा, महिनाभर बसा, 29 पैकी 11 दाखवा, मी शिकेन. पण इथे वर्ग कुणी बघतच नाही ना, बघतात तो कागद आणि त्यावरचा शिक्का. तुमच्या त्या विभागप्रमुख बाईंनी जे केलं ते अर्जात कुठे आहे सांगा.

पर्थची_आई
मी याहून पुढचं बोलते, मला राग आहे आणि तो लपवत नाही. ऑस्ट्रेलियात एआयटीएसएल म्हणून संस्था आहे, ती आधी तुमची पात्रता तपासते. 4 वर्षांचं उच्च शिक्षण, त्यात शिक्षणशास्त्राचा भाग, आणि 45 दिवस देखरेखीखाली प्रत्यक्ष शिकवल्याचा पुरावा. जुन्या 1 वर्षाच्या बीएडवाल्यांनी सरावपाठ मोजून दिवस कसे दाखवायचे सांगा, आमच्या मार्कशीटवर नुसते गुण आहेत, दिवस कुठेच नाहीत. ते पण कॉलेजकडून लिहून आणलं मी. पण इंग्रजी! मी अर्ज केला तेव्हा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन-लेखनात 7 आणि बोलण्यात-ऐकण्यात 8 पाहिजे होते. पहिलीपासून इंग्लिश मीडियम, बीए एमए इंग्लिश लिटरेचर, 9 वर्षं आयसीएसई शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि मला बोलण्यात 7.5 आले. अर्ध्या गुणाने परत सगळी फी, परत परीक्षा, तिसऱ्या वेळी झालं. ज्याने ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका, इंग्लंड नाहीतर आयर्लंडमध्ये 4 वर्षं शिकलंय त्याला ही परीक्षा माफ. इंग्रजीतून शिकलेल्या भारतीयाला नाही. आणि हे झालं की राज्याच्या शिक्षक मंडळाकडे नोंदणी परत वेगळी. याला तपासणी म्हणत नाहीत, चाळणी म्हणतात, आणि भोकं कोणत्या मापाची ठेवायची ते आधीच ठरलेलं असतं.

गणितसर
पर्थताईंचा मुद्दा भाषेपुरता मान्य. पण मूळ धाग्यातलं दुखणं इंग्लंडचं नाही, आपलं आहे, आणि ते कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, वकिलांची बार कौन्सिल, नर्सेसची सुद्धा कौन्सिल. शिक्षकांचं काय? बीएड कॉलेजांना एनसीटीई मान्यता देते, पण शिकवणाऱ्या माणसाचं नाव लिहिलेलं, ज्याला बघून कुणी सांगू शकेल की हा शिक्षक आहे आणि याच्यावर ठपका नाही, असं रजिस्टरच आपल्याकडे नाही. वैयक्तिक मान्यता म्हणजे अप्रूव्हल असतं, पण ते त्या शाळेतल्या त्या पदाचं असतं, शाळा सुटली की कागद फायलीत. इंग्लंडवाले विचारतात तुमच्या नोंदणी संस्थेचं पत्र द्या, आणि आपला क्लार्क म्हणतो नमुना आणा, तर चूक त्या क्लार्कची नाही हो, त्याच्यामागे काही उभंच केलेलं नाही. मग राग कुणावर काढायचा ते ठरवा. मला तर वाटतं हे फक्त परदेशाचं प्रकरणच नाही. एखाद्या शाळेतून वाईट वागणुकीसाठी काढलेला माणूस चार तालुके सोडून दुसऱ्या खाजगी शाळेत रुजू होतो आणि तिथे कुणाला कळत नाही, कारण विचारायचं कुठे? ते पत्र ज्या कारणासाठी मागतात ते कारण आपल्या लेकरांनाही लागू आहे.

झेडपी_गुरुजी
सर, अन्याय कुणावर तेही बघा. मी डीएड, बारावीनंतरचं 2 वर्षांचं. 22 वर्षं पहिली-दुसरीला शिकवतोय, तेही अशा पाड्यावर जिथे पोरं घरी मराठी बोलत नाहीत, मी आधी त्यांची बोली शिकलो, मग त्यांना अक्षरं शिकवली. इंग्लंडला पदवी पातळीचं प्रशिक्षण लागतं म्हणजे मी परदेशात शिक्षकच नाही. मला जायचं नाही, पण वाचून वाईट वाटतं. आणि घरी तरी काय, सुप्रीम कोर्टाने 1 सप्टेंबर 2025 ला निकाल दिला की ज्यांच्या निवृत्तीला 5 वर्षांपेक्षा जास्त राहिलीत त्यांनी 2 वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, मी सध्या रात्री पोरीच्या बाजूला बसून अभ्यास करतोय. ती दहावीचा, मी टीईटीचा. म्हणजे 22 वर्षं शिकवलं ते कुठेच धरत नाहीत, ना इथे ना तिथे. खडूवाली ताईंचं दुःख मला पूर्ण कळतं.

एक मात्र विचारतो, राग मानू नका. 2023 मध्ये इंग्लंडने बाहेरून येणाऱ्या फिजिक्स आणि भाषेच्या शिक्षकांना 10,000 पौंड स्थलांतर भत्ता जाहीर केला, म्हणजे त्यांना फिजिक्सला माणूस मिळत नाही. आणि ताई, तुमच्या शाळेत तुमच्या जागेवर आता कोण शिकवतंय?

खडूवाली
गुरुजी, तासिका तत्त्वावर एक मुलगी आहे. बीएस्सी केमिस्ट्री, फिजिक्सचे प्रयोग करायला घाबरते, मला व्हिडिओ कॉल करते आणि मी इथून तिला व्होल्टमीटर कसा जोडायचा सांगते. तुम्ही विचारलंत ते मला रोज टोचतं, पण घर सोडून राहणं मला जमलं नसतं.

लेस्टरकर
गुरुजींना विचारायचा हक्क आहे, पण बाई नवऱ्यामागे गेली की नोकरी सोडते आणि तिकडे घरी बसते, हे किती शिक्षिकांचं झालंय ते मी इथे बघते. सुपरमार्केटच्या काउंटरवर एमएस्सी बीएड बसलेल्या आहेत. त्यांनी वर्गात जाणं हे कुणाचं नुकसान नाही. खडूवाली ताई, पत्र येईपर्यंत थांबू नका. बाहेर प्रशिक्षण झालेल्या शिक्षकाला सरकारी शाळेत क्यूटीएस नसतानाही 4 वर्षांपर्यंत शिकवता येतं, अकॅडमी शाळा, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र चालणाऱ्या, तर आजवर क्यूटीएसशिवायही घेत आल्यात. पगार कमी देतील, तो मुद्दा तुम्ही भांडून घ्या. मी कव्हरचं, म्हणजे गैरहजर शिक्षकांच्या बदली तासांचं, काम करत करतच आत शिरले.

पर्थची_आई
कमी पगारावर तेच काम, मग मान्यता उशिरा देण्यात त्यांचा फायदाच आहे की. हे पण लिहून ठेवा कुठेतरी.

लेस्टरकर
हो. यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही.

गणितसर
ताई, नमुन्याचं सांगतो, माझ्या मेहुणीने मागच्या वर्षी हेच केलं. पत्र लेटरहेडवर पाहिजे, त्यात तुमचं पासपोर्टवर आहे तस्संच नाव आणि जन्मतारीख, बीएड कुठल्या विद्यापीठाचं कुठल्या साली, त्यामुळे तुम्ही माध्यमिक शाळेत अमुक विषय शिकवायला पात्र आहात, वय 11 ते 16 हे आकड्यात, आणि तुमच्यावर कुठली शिस्तभंगाची कारवाई चालू नाही व कुठलं बंधन नाही ही ओळ वेगळी. लग्नाआधीचं नाव डिग्रीवर असेल तर गॅझेट किंवा मॅरेज सर्टिफिकेट जोडा, तिथे तिचे 2 महिने गेले. सही कुणाची आहे ते नाव आणि पद टाईप केलेलं, जावक क्रमांक, तारीख. आणि मुख्याध्यापकांना सांगून ठेवा की शाळेच्या ईमेलवर अनुभवाची खात्री करायला मेल येईल, तो स्पॅममध्ये जातो, आणि आपल्या शाळांचा ईमेल कोण उघडतं ते तुम्हाला माहीत आहे.

खडूवाली
सर, डिग्रीवर माहेरचंच नाव आहे, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. भाऊ सोमवारी परत कार्यालयात जातोय, त्याच्याबरोबर तुमचा मजकूर देते आणि मॅरेज सर्टिफिकेटची प्रत पण. शाळेचा ईमेल आमचे शिपाईमामा उघडतात, त्यांना आत्ताच फोन लावते. मत मात्र माझं बदललेलं नाही, वर्गात येऊन बघा असंच म्हणेन. पण रजिस्टरचं तुम्ही म्हणता ते आमच्या शिक्षक संघटनेच्या ग्रुपवर आज टाकतेय, तिथे कोण काय म्हणतं ते इथे येऊन सांगेन. आणि गुरुजी, टीईटीचा विज्ञानाचा भाग अडला तर मेसेज करा, कितीही वाजता.