८० टक्के कव्हरेज असेल, तर वेगळे टेस्टर कशाला?

धागाकर्ता: 'बिल्डला (कोडपासून तयार होणाऱ्या सॉफ्टवेअरला) ८० टक्के कोड कव्हरेजची अट घाला आणि टेस्टरांचा स्वतंत्र विभाग बंद करा' असा सल्ला देणारी पोस्ट कालपासून फिरते आहे; तिला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्राम) चालताना कोडच्या कोणत्या ओळी चालल्या एवढेच कव्हरेज सांगते. त्या ओळींनी दिलेले उत्तर बरोबर होते का, हे सांगत नाही. एकही असर्ट (उत्तर अपेक्षेप्रमाणे आले का हे तपासणारी ओळ) न लिहिता तो आकडा गाठता येतो, आणि रिलीजच्या आदल्या रात्री तो तसाच गाठला जातो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. तिथे टेस्ट होत्या. अपडेटच्या टेम्प्लेटमध्ये (साच्यात) माहितीची २१ फील्ड (रकाने) होती आणि कोड २० च पुरवत होता. पण टेस्टमध्ये एकविसाव्या फील्डला कोणतेही मूल्य चालेल असा निकष असल्याने ही तफावत दिसलीच नाही.

पोस्टलेखक: आपण माझ्या पोस्टचा अर्धाच भाग उचलला आहे. वेगळा विभाग असला की डेव्हलपर अर्धवट कोड पुढे ढकलून मोकळा होतो, हा माझा मूळ मुद्दा होता. क्राउडस्ट्राइकनेही नंतर जे उपाय केले, ते अधिक ऑटोमेटेड टेस्ट, सीमातपासणी (कोड मर्यादेबाहेरची माहिती वाचत नाही ना, हे पाहणे) आणि टप्प्याटप्प्याने रिलीज हेच होते.

हिंजवडीची टेस्टर: रिलीज लांबली की टेस्टिंगचे दिवस कापायचे, बग नजरेतून सुटला की 'क्यूएने (टेस्टिंग विभागाने) काय पाहिले?' असे विचारायचे आणि पगारवाढीच्या वेळी आम्हाला शेवटच्या रांगेत बसवायचे, हे मी सतत पाहते आहे. ३१ तारखेला सुरू झालेल्या कर्जाचा फेब्रुवारीतला हप्ता कधी कापायचा, हे डेव्हलपरच्या एकाही टेस्टमध्ये नव्हते, कारण तो प्रश्न त्याला पडलाच नव्हता. मी विचारले तेव्हा 'अशी केस प्रत्यक्षात येत नाही' म्हणून बगची नोंद न सुधारताच बंद केली गेली. मार्चमध्ये ग्राहकांच्या तक्रारींची रीघ लागली.

बॅकएंडवाला: पगाराचे गाऱ्हाणे वेगळ्या धाग्यात मांडावे. एक्सेलमधल्या त्याच त्या पायऱ्या दर रिलीजला हाताने चालवून 'पास' लिहिणारे टेस्टर मीही पाहिले आहेत. त्यांच्यामुळे कोणती गुणवत्ता वाढली?

हिंजवडीची टेस्टर: त्या पायऱ्या ऑटोमेट करायला आम्ही वेळ मागतो, तो नाकारणारे आपणच आहात. ज्यांना पगाराचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, त्यांनी आपला अनुभवी टेस्टर नोकरी सोडून गेल्यावरची पहिली रिलीज आठवावी.

धागाकर्ता: 'प्रत्यक्षात येत नाही' हे उत्तर जुने आहे. आरियान-४ या युरोपीय रॉकेटवर आडवा वेग इतका वाढूच शकत नाही, असे मानून त्याच्याशी निगडित आकड्याचे लहान जागेत मावणाऱ्या आकड्यात रूपांतर करताना तो मावला नाही तर काय, याचे संरक्षण कोडमध्ये दिले नव्हते. तोच कोड आरियान-५ मध्ये नव्या उड्डाणमार्गावर न तपासता वापरला आणि ४ जून १९९६ रोजी सुमारे ४० सेकंदांत ते यान नष्ट झाले.

पोस्टलेखक: हप्त्याच्या तारखेचे उदाहरण मला मान्य करावे लागते, तिथे कव्हरेज १०० टक्के असते तरी उपयोग नव्हता. पण त्यासाठी वेगळा विभाग लागत नाही. असे प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीला पहिल्या दिवसापासून टीममध्येच बसवा.

हिंजवडीची टेस्टर: अवश्य बसवा. मात्र बगची नोंद बंद करण्याचा अधिकार ज्याने कोड लिहिला त्याच्या हाती ठेवू नका.