होरेसचा 'थोडक्यात सुख माना' हा सल्ला: शहाणपण की भरल्या पोटाची ढेकर?

कडूनिंब:
सध्या होरेस वाचतोय. इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन कवी. उद्याच्या भरवशावर राहू नका, आजचा दिवस पदरात पाडून घ्या, फार उंच उडू नका, आहे त्यात रमा. दोन हजार वर्षं लोक माना डोलावताहेत. मला खटकतं. हा गडी रोमन सम्राट ऑगस्टसच्या खास माणसाचा, मायकेनासचा लाडका. रोमजवळच्या सबाईन डोंगरातली शेतवाडी मिळाली ती त्याच्याच कृपेनं. राबायला आठ गुलाम, वर पाच कुळं. एवढं असल्यावर मीही समाधानी राहीन!

तळटीप:
अर्धीच कुंडली मांडलीत. बाप एके काळचा गुलाम, नंतर मुक्त झालेला. लिलावातली वसुली करायचा. पोराला शिकायला रोमला नेलं आणि वाईट संगत नको म्हणून स्वतः त्याच्याबरोबर शिक्षकांकडे जायचा. इ.स.पू. ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईत होरेस सीझरच्या मारेकऱ्याच्या, ब्रूटसच्या बाजूनं, म्हणजे ऑगस्टसच्या विरुद्ध लढला, ढाल टाकून पळाला (हे त्यानंच लिहिलंय). परत येतो तर बापाची जमीन गेलेली. मग सरकारी खजिन्यात कारकुनी. वय जेमतेम तेवीस-चोवीस. उद्याचा भरवसा नसतो हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

कडूनिंब:
भोगलं, मान्य. पण 'आजचा दिवस'वाली कविता ज्या संग्रहात आहे तो इ.स.पू. २३ चा. तोवर शेतवाडी चांगली अंगवळणी पडली होती.

गोमू:
अवांतर: त्याच आठ ओळींच्या कवितेत तो ल्यूकोनोए नावाच्या बाईला सांगतो, बाबिलोनी ज्योतिषांची आकडेमोड करत बसू नकोस. आमच्या घरी पत्रिकांची फाईल आहे. माझं मत होरेसला.

आडगावकर:
कडूनिंब, तुमचा आक्षेप होरेसनं स्वतःच एका उपहासकवितेत लिहून ठेवलाय. सॅटर्नेलिया या रोमन सणात गुलामांना तोंड उघडायची मुभा. होरेसचा गुलाम दावस मालकाला झाडतो: रोममध्ये असलास की खेड्याचे गोडवे, खेड्यात गेलास की रोमची ओढ. जेवायला कुठून बोलावणं नसलं की घरची भाजीच बरी. दिवेलागणीला मायकेनासचं आवतण आलं की तेल आणा, तेल आणा म्हणून आरडाओरडा!

कडूनिंब:
आणि शेवट सांगायला विसरलात. मालक मारायला दगड मागतो आणि दम देतो: चालता हो, नाहीतर शेतावर नववा मजूर म्हणून धाडीन. सणाची मुभा तिथे संपली.

तळटीप:
तो शेवटही त्यानंच लिहिलाय ना? स्वतःला इतकं हास्यास्पद करणारा माणूस लबाड नसतो. आणि लाळघोटेपणाच करायचा असता तर खुद्द ऑगस्टसनं देऊ केलेली चिटणिशी नाकारली नसती.

कडूनिंब:
मग शेतावरच्या मुकादमाला लिहिलेलं पत्र वाचा. तोही गुलामच. त्याला शहर हवंय, तिथली खानावळ हवीये. होरेस काय सांगतो? ज्याला जे काम येतं ते त्यानं खुशीनं करावं.

तळटीप:
तोच मुकादम शहरात असताना खेड्यात पाठवा म्हणून देवाला साकडं घालायचा, हेही त्याच पत्रात आहे.

कडूनिंब:
हो, पण ते मालक सांगतोय. मुकादमाचं उत्तर सापडलं की धागा वर आणा.