भाची 11 वर्षांची, कीर्तनाच्या सगळ्या तारखा वडील ठरवतात. मर्यादा कुठं आणि कशी घालायची?

भाचीचा मामा (परभणी जिल्हा)

भाची सहावीत आहे, कीर्तन करते. आवाज गोड, पाठांतर दांडगं, आणि तिला स्वतःला कीर्तन मनापासून आवडतं, हे आधीच सांगतो. पण तारखा, गाडी, मानधन, यूट्यूबचं चॅनल, कोणता दृष्टांत सांगायचा, काय नेसायचं, हे सगळं दाजींच्या हातात. सप्त्याच्या दिवसांत महिन्याला 18-20 तारखा. रात्री 9 ते 11 कीर्तन, मग महाप्रसाद, मग 50-60 किलोमीटर परतीचा रस्ता. सकाळची शाळा बुडते. सध्या आवाज बसलाय, तरी पुढच्या तारखांना दाजींनी होकार देऊन ठेवलाय. लेकरू "नको" म्हणालं की ते दोन-दोन दिवस तिच्याशी बोलत नाहीत. हात उगारत नाहीत. अक्का मध्ये बोलत नाही.

भांडून घर मोडायचं नाही आणि तिचं कीर्तनही बंद पाडायचं नाही. गळ्याचं काय करावं, कायद्यात काय आहे, पैशाचं काय, आणि दाजींपुढं विषय काढावा कसा?

सूरपेटी (अंबाजोगाई)

आधी गळा, कारण तिथं वाट बघून चालणार नाही. आवाज बसून दोन-तीन आठवडे झाले असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं न्या आणि दुर्बिणीनं स्वरतंतू बघायला सांगा. नुसतं तोंड उघडून घसा बघितला तर स्वरतंतू दिसत नाहीत. ओरडून गाणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात. बहुतेक वेळा त्या विश्रांतीनं आणि आवाजाच्या व्यायामानं जातात, शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. पण विश्रांती म्हणजे तारखा रद्द. ज्येष्ठमध चघळून रात्री पुन्हा दोन तास उभं राहणं ही विश्रांती नव्हे. तोवर कुजबुजूही देऊ नका. कुजबुजण्यानंही स्वरतंतूंवर ताण येतो. हळू, साध्या आवाजात बोलू द्या.

आता मूळ कारण. टाळकरी पुरुष असतात, त्यांचा सूर पेटीवरची काळी एक किंवा दोन. लेकराचा सोयीचा सूर काळी चारच्या आसपास. मृदंग आधीच पुरुषांच्या सुरात लावलेला असतो आणि तो ठोकून थोडाच चढतो. मग मुलगी एक तर खाली पुटपुटते, नाही तर वरच्या सप्तकात किंचाळते. त्यासाठी तारीख घेतानाच मृदंगवाल्याला मुलीचा सूर कळवा, म्हणजे तो त्या सुराचा मृदंग आणेल. सूर मुलीचा, टाळकऱ्यांनी खालच्या सप्तकात धरायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण टाळकऱ्यांना आधी सांगितलं नाही तर पहिल्याच अभंगाला ते आपल्या सुरावर जातात.

दुसरं, माईक. भोंगे गावाकडं तोंड करून आणि मुलीला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही, अशी मांडणी असते. स्वतःचं ऐकू आलं नाही की माणूस आपोआप ओरडतो, लेकरू तर हमखास. एक छोटा स्पीकर तिच्याकडं तोंड करून ठेवायला सांगा, माईक तोंडापासून चार बोटांवर. इको कमी करायला लावा.

विणेकरी (बीड)

सप्ता कमिटीच्या बाजूनं सांगतो, कारण निम्मी वाट तिथूनच निघते. लेकराला रात्रीचंच कीर्तन द्यायला पाहिजे असा कुठं नियम नाही. रोजचा क्रम बघा: पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी गाथा भजन, 4 ते 5 प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, मग जागर. यातली 4 ते 5 ची प्रवचनाची वेळ लेकरासाठी सोन्यासारखी आहे. तासाभराची, उजेडातली, आणि संपल्यावर 7-8 ला घरी. शेवटच्या दिवसाचं काल्याचं कीर्तनही सकाळीच असतं. दाजींनी स्वतःहून "आमची मुलगी प्रवचन आणि काला घेते" असं सांगायला सुरुवात केली तर कमिट्या नाराज होत नाहीत. उलट मोठ्या महाराजांची रात्रीची तारीख मोकळी राहते म्हणून खूश होतात.

रात्रीचंच हवं असेल तर 7:30 ला उभं करा. रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे, सरकारनं सूट दिलेले मोजके दिवस सोडून. हे कारण कमिटीपुढंही चालतं आणि दाजींपुढंही, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

तारीख कबूल करतानाच बाकीचंही बोलून घ्या. कीर्तन एक तास, फार तर सव्वा. सुरुवातीचे अभंग टाळकऱ्यांनी ओढायचे. उतरायला कुणाचं तरी घर आणि तिथं बाईमाणूस. जेवण कीर्तनाच्या आधी. पंगत उठेपर्यंत लेकराला मंडपात बसवून ठेवायचं नाही. पाया पडणाऱ्यांची रांग दहा मिनिटांत आवरायची. ही रांग आणि फोटो यातच तास जातो आणि लेकरू उभ्यानं पेंगतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि एक गोष्ट मला फार खटकते, तीही लिहितो. लेकरांच्या तोंडी पळून गेलेल्या पोरी, दारुडा नवरा, सासू-सुनेची टिंगल घातली जाते. मंडप हसतो, व्हिडिओ चालतो, पण बोलणाऱ्या लेकराला त्यातलं काही कळलेलं नसतं. नामदेवांच्या हातचा नैवेद्य, प्रल्हाद, ध्रुव, जनाबाईचं जातं, गोकुळातल्या लीला, हे तिच्या वयाला कळतं आणि ती ते स्वतःच्या शब्दांत सांगू शकते. गंगाखेड तुमच्याच जिल्ह्यात आहे, जनाबाई तिला परकी नाही.

खातेवही (लातूर)

कायदा. बालकामगार कायदा 1986 चा, त्यात 2016 ला दुरुस्ती झाली आणि 2017 ला नियम आले. 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. कलाकार म्हणून सूट आहे, पण अटींवर: दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त नाही, सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही, शाळेत खंड नाही. निर्माता किंवा व्यावसायिक कार्यक्रमाचा आयोजक असेल त्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची आणि हमीपत्र द्यायचं. पाच मुलांमागं एक जबाबदार माणूस नेमायचा. कमाईतला किमान 20 टक्के भाग थेट मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला भाग घ्यायला लावायचं नाही, अनौपचारिक मनोरंजनातसुद्धा.

सप्त्याचं कीर्तन व्यावसायिक कार्यक्रम नव्हे, सेवा आहे, असं कुणीही म्हणेल, आणि त्यावर वाद होऊ शकतो. कंपनी किंवा वाहिनी चित्रीकरण करत असेल तर मात्र वादाला जागा नाही. पण घरात नियम लावायला कोर्टाचा निकाल लागत नाही. हीच मापं दाजींपुढं ठेवा.

ठेवीचा विचार दुसरीकडंही झालेला आहे. अमेरिकेत जॅकी कूगन हा बालनट लहानपणी लाखो डॉलर कमावत होता. मोठा झाल्यावर पैसे आई आणि सावत्र वडिलांनी उडवलेले निघाले. 1938 ला त्यानं दावा लावला, हाती आले साधारण 1,26,000 डॉलर. त्यानंतर 1939 ला कॅलिफोर्नियानं बालकलाकारांच्या कमाईचा कायदा केला.

हिशेब असा ठेवा. एक वही: तारीख, गाव, पाकीट किती, ओवाळणी किती, मृदंग-टाळकरी-पेटीचं मानधन, डिझेल, उरले किती. उरलेल्यातून किमान पाचवा हिस्सा त्याच आठवड्यात तिच्या खात्यात. "वर्षाच्या शेवटी टाकू" म्हटलं की पैसा घरखर्चात जिरतो. मुलीच्या नावानं पॅन काढून घ्या, अज्ञानाचाही (18 वर्षांखालच्या मुलाचाही) निघतो. अज्ञान मुलाचं उत्पन्न एरवी आईवडिलांच्या उत्पन्नात धरलं जातं, पण स्वतःच्या कलेतून मिळालेलं त्याचं स्वतःचं धरतात. त्या ठेवीवरचं व्याज मात्र पालकाच्या उत्पन्नात जातं. यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे 18 वर्षांखाली मिळत नाहीत, म्हणून ते दाजींच्याच खात्यावर येत असणार. त्यासाठी निदान वेगळं खातं उघडायला लावा, नाहीतर कुणाचं किती हे पुढं कुणालाच सांगता येणार नाही.

बालवाडी ते दहावी (नांदेड)

सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, पण एक प्रश्न कुणी विचारला नाही: गाडी हप्त्यावर आहे का? दाजींनी स्वतःचं काम सोडलंय का? घर तिच्या तारखांवर चालत असेल तर तिचा "नको" घराला परवडणारच नाही, मग तुम्ही कितीही समजावा. अशा घरात बापाचा अबोला नुसता राग नसतो, त्यात भीतीही असते. लेकराला मात्र त्यातून एवढंच कळतं की गायले तर मी लाडकी, नाही गायले तर नाही. हा अबोला माराइतकाच लागतो. म्हणून आधी हप्ता आणि घरखर्च दुसरीकडून कसा निघेल ते बोला. दाजींनी दुसऱ्या महाराजांच्या गाडीची, साउंडची कामं घेतली तरी ओळखी त्याच कामाला येतात.

विषय काढायचा तर चारचौघांत नको, सप्त्याच्या मांडवात तर नकोच. घरी, अक्का समोर असताना. "तुम्ही लेकराला राबवताय" म्हटलं की दार बंद. "आवाज पाच वर्षं टिकवायचा तर काय करावं लागेल" इथून सुरू करा, डॉक्टरची चिठ्ठी हातात ठेवा. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढा. आठवड्याला दोनच तारखा, लागून दोन रात्री नाहीत, परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस कोरे. आणि महिन्यातली एक तारीख मुलीनं स्वतः खोडायची, कारण विचारायचं नाही. पहिल्यांदा ती खोडणार नाही, वडिलांच्या तोंडाकडं बघेल. अक्कानं पेन तिच्या हातात द्यावं. खोडल्यावर त्या दिवशी घरात सगळे नेहमीसारखे बोलले, तर पुढच्या महिन्यात तिला धीर येतो. नाही बोलले तर सगळी आखणी पहिल्याच महिन्यात कोसळते, हे दाजींना आधी स्पष्ट सांगा.

6 ते 12 वयाला 9 ते 12 तास झोप लागते. तारखेच्या दिवशी पोट दुखणं, रात्री अंथरूण ओलं होणं, मैत्रिणींत खेळायला न जाणं, घरातही मंडपातल्या आवाजात बोलणं, यातलं काही दिसत असेल तर कॅलेंडरवर थांबू नका, बालमानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. मारहाण किंवा कोंडून ठेवणं सुरू झालं तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन, आणि प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते.

भाचीचा मामा (परभणी जिल्हा)

गाडी हप्त्यावरच आहे, आणि दाजींनी दुकान बंद केलंय. हे मी लिहायला पाहिजे होतं. डॉक्टरची वेळ घेतली. खात्याचं एक विचारतो: पालक म्हणून दाजींचंच नाव लागतं का? ते ठेव मोडू शकतील का?

खातेवही (लातूर)

आईचं नाव पालक म्हणून लागतं, बँका ते स्वीकारतात. अक्काचंच लावा. साधी मुदत ठेव पालकाला "मुलाच्या हितासाठी" असं लिहून देऊन मोडता येते, म्हणून सगळं तिच्यात ठेवू नका. सुकन्या समृद्धी खातं 10 वर्षांच्या आतच उघडतं, तेव्हा उघडलं असेल तर त्यात भरा, नसेल तर मुलीच्या नावानं पीपीएफ. त्याची मुदत 15 वर्षं आणि मध्येच मोडणं अवघड. वर्षाला दीड लाखाची मर्यादा मात्र मुलीचं आणि पालकाचं खातं मिळून आहे. पासबुक अक्काकडं, पावत्यांची झेरॉक्स तुमच्याकडं.

विणेकरी (बीड)

दुकान पुन्हा उघडेपर्यंत जितक्या तारखा आधीच घेतल्यात, त्यांच्या कमिट्यांना दाजींनी स्वतः फोन करावा, "गळ्याचं दुखणं आहे, प्रवचनाची वेळ द्या किंवा बदली महाराज घ्या". आठ-दहा दिवस आधी कळवलं तर कुणी वाईट मानत नाही. मंडप उभा राहिल्यावर कळवलं तर मानतात.