पुराचा इशारा आला की निघायचं की वरच्या मजल्यावर बसायचं?

वरचा_मजला: लोकांना पटणार नाही, पण दोन मजली पक्कं घर असेल तर इशारा आला म्हणून गाडी काढून पळत सुटण्यात काही अर्थ नाही. कितीतरी इशारे फुसके निघतात. सामान वर चढवायचं, प्यायचं पाणी भरायचं, पॉवरबँक फुल, टॉर्च उशाशी, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि गप बसायचं. पुरात बरेच जण घरात नाही, रस्त्यावर नाहीतर गाडीत मरतात.

भोचक: शेवटचं वाक्य खरंय, पण त्यातून निष्कर्ष उलटा काढलायस. ते रस्त्यावर बुडतात कारण उशिरा निघतात, रस्ता कोरडा असताना निघालेला कोण बुडतो रे? पाण्याला ओढ असेल तर सहा इंचात धडधाकट माणसाचे पाय सुटतात, फूटभर पाणी छोटी गाडी उचलतं आणि दोन फुटांत एसयूव्हीपण जाते. त्यात गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचलाय ते दिसत नाही ते वेगळंच.

वरचा_मजला: म्हणून तर म्हणतो निघूच नका! आणि आमचं घर शंभर वर्षांच्या पूररेषेत आहे, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. इतकं काय घाबरायचं.

आकडेमोड: नाही हो, तसं नसतं ते. दरवर्षी १ टक्का शक्यता, असा त्याचा अर्थ. ३० वर्षं त्या घरात राहिलात तर निदान एकदा पूर येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते. लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो.

काठावरची: मला दोघांचंही अर्धंच पटतंय. पाणी दाराशी आलं असेल तर बाहेर पडू नये, वरच जावं, तिथे वरचा_मजला बरोबर आहे. पण छपराखालच्या बंद माळ्यावर अजिबात नको. २००५ साली कतरिना वादळात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला पाणी चढत गेलं तसे लोक माळ्यावर गेले आणि छत फोडायला हाताशी काही नाही म्हणून कित्येक तिथेच अडकले. गच्चीत किंवा छपरावर निघता येतं का ते आधी बघा. आणि ज्यांच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलंय किंवा दिवसाआड डायलिसिस आहे त्यांना "गप बसा" सांगू नका प्लीज, पाणी ओसरायला चार दिवस लागले तर काय करायचं त्यांनी? त्यांनी पहिल्या इशाऱ्यालाच निघावं, फुसका निघाला तर निघाला.

भोचक: +१. आणि पुराचं पाणी म्हणजे ड्रेनेज मिसळलेलं पाणी, चार दिवस त्याच्यात येजा करणार का? बरं वरचा_मजला, तुझं लाइटचं मेन स्विच कुठंय? पाणी आत यायच्या आधी बंद करावं लागतं, पाण्यात उभं राहून हात लावायचा नसतो.

वरचा_मजला: जिन्याखाली. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर असेल. च्यायला, म्हणजे वर चढायच्या आधीच बंद करायला पाहिजे, हे डोक्यातच नव्हतं. तरी प्रत्येक इशाऱ्याला पळायचं हे मला अजून पटलेलं नाही हां. पण इशारा रात्री आला तर मेन झोपायच्या आधीच पाडून टाकता का तुम्ही लोक? मग फ्रिजचं काय?