मदत हवी आहे: जुना गेमबॉय दुरुस्त करायचाय, पण घरात दीड वर्षाचं पोर आहे

नमस्कार मंडळी,

मुक्काम नागपूर, महाल. जुना वाडा, वरच्या मजल्यावर आम्ही. माळा आवरताना ट्रंकेत दोन वस्तू सापडल्या: भावाचा गेमबॉय कलर (हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम) आणि एक पिवळा ब्रिक गेम, विटा रचायच्या खेळाचा. तोच, वर '९९९९ इन १' छापलेला आणि आत खरे खेळ जेमतेम आठ-दहा असलेला.

गेमबॉय चालू होतो. पोकेमॉन सिल्व्हर या खेळाची कार्ट्रिज (आत घालायची डबी) आहे, पण खेळ सेव्ह राहत नाही. आत सीआर २०२५ हा बटन सेल सोल्डर केलेला असतो आणि सेव्हसोबत खेळातलं घड्याळही त्याच्यावरच चालतं, म्हणून तो लवकर संपतो, एवढं वाचून कळलं. ब्रिक गेमची तऱ्हा वेगळी. पेन्सिल सेल आतच राहून गेले, स्प्रिंगवर पांढरं-हिरवं काहीतरी साचलंय आणि एक वायर तुटून लोंबतेय.

बर्डीच्या बाजारातून २५ वॅटची दोन पिनची सोल्डरिंग आयर्न, सांधे जोडायची कथलाची तार आणि कथील नीट धरावं म्हणून लावतात त्या फ्लक्सची डबी आणली. रविवारी जेवणाच्या टेबलावर, कूलरसमोर बसून जुन्या वायरींवर सराव केला. त्यात तीन गोष्टी झाल्या.

एक, धूर सरळ तोंडावर आला आणि संध्याकाळपर्यंत घसा खवखवत होता. कथलात शिसं असतं म्हणे. म्हणजे हा शिशाचा धूर झाला ना? दोन, मध्येच दुसऱ्या हातातल्या वायरीतून झिणझिण्या आल्या. फार नाही, पण आल्या. तीन, आयर्न घरंगळली आणि मी ती झेलली. हो, झेलली. सासूबाईंनी टूथपेस्ट लावली, वर फोड आलाय.

नवऱ्याचं म्हणणं, हा नाद सोड. मुलगा अजून रांगतो-चालतो, हाताला लागेल ते तोंडात घालतो. मला खरी भीती धुराची वाटते. कुठला मास्क घ्यावा?

---

जुना_रेडिओवाला

ताई, मास्कचं नंतर बघू. आधी ती आयर्न बोर्डातून काढा आणि दुसरी गोष्ट निस्तरेपर्यंत परत लावू नका.

तुम्ही ज्याला 'फार नाही' म्हणता ती सगळ्यात मोठी गोष्ट आहे. दोन पिनच्या आयर्नला अर्थिंग नसतं. आतल्या कॉइलमधून थोडा करंट बिटवर, म्हणजे आयर्नच्या तापणाऱ्या टोकावर, उतरतो आणि बिट वायरीला टेकली की तो तुमच्या हातात येतो. तेव्हा टेस्टर लावला असता तर बहुतेक दिवा पेटला असता. एवढ्या गळतीने चिपही उडू शकते, पण ते जाऊ द्या. कूलरसमोर बसला होतात म्हणजे पायाखालची फरशी ओली होती का?

तीन पिनची आयर्न घ्या. आणि नुसती तीन पिनची घेऊन भागणार नाही, त्या तिसऱ्या भोकात खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यांत सॉकेट तीन पिनचं आणि मागे वायरी दोनच, हे मी डझनावारी पाहिलंय. मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवता आला तर उत्तमच.

आता धूर. तो शिशाचा नाही. शिसं उकळायला १७०० अंशांच्या वर तापमान लागतं, तुमची बिट चारशेच्या आसपास. धूर येतो तो फ्लक्समधल्या राळेचा. म्हणून तो निरुपद्रवी आहे असं समजू नका. राळेच्या धुराने रोज काम करणाऱ्यांना दमा जडतो, हे चांगलं माहीत असलेलं दुखणं आहे. कापडी मास्कचा उपयोग नाही. डोकं थेट कामावर वाकवू नका, खिडकीशी बसा आणि छोटा पंखा असा ठेवा की तो धूर तुमच्यापासून ओढून बाहेर टाकेल.

शिसं पोटात जातं ते हातावाटे. तार हाताळली, तोच हात पोराच्या बिस्किटाला लागला, झालं. मोठ्या माणसाच्या मानाने लहान मूल पोटात गेलेलं शिसं चार-पाचपट शोषून घेतं. जेवणाचं टेबल तर बादच. घरात एखादी उरलेली टाइल असेल तर ती घ्या, तिच्यावरच काम करा. काम झालं की ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका, धूळ उडते. कथलाचे थेंब झाकणाच्या बरणीत ठेवा. हात साबणाने धुतल्याशिवाय पोराला उचलायचं नाही, मग ते कितीही रडो.

---

बर्डीचा_भाऊ

अहो ताई, नवतप्यात, एवढ्या उन्हाळ्यात, कूलर बंद करून कोण सोल्डरिंग करून राहिलं? सकाळी सहाला बसा. खरं सांगतो, मी तेच करतो. नाहीतर घामाचा थेंब तापल्या कथलावर पडला की ते तडतडून डोळ्यात उडते. चष्मा लावाच, साधा का होईना. वायर कापताना तुकडाही तिकडेच उडते.

आन पडणारी आयर्न झेलायची नसते, पडू द्यायची. फरशीवर काळा डाग पडला तरी चालते. स्प्रिंगचं स्टँड घ्या, वायर टेबलाच्या कडेवरून लोंबकळू देऊ नका, पोरगं ओढते. भाजलं तर टूथपेस्ट काहून? नळाखाली वीस मिनिटं साधं पाणी, बर्फ नाही. फोड फोडू नका.

---

जुना_रेडिओवाला

भाऊचं बरोबर. सेलचं राहिलं होतं. बटन सेलवर थेट आयर्न टेकवायची नाही, तो फुटू शकतो. पत्र्याचे पाय वेल्ड केलेले सीआर २०२५ मिळतात, ते मागवा. जुना सेल उपटू नका, त्याच्या पायाच्या बोर्डाकडच्या टोकाला उष्णता द्या, नाहीतर तांब्याची पट्टीच निघून येईल. सेल काढायच्या आधी प्लस-मायनस कुठे आहे त्याचा फोटो काढून ठेवा. कार्ट्रिजचा स्क्रू साध्या पेचकसाने उघडत नाही, ३.८ मिलिमीटरचा वेगळा बिट लागतो. आणि नवा-जुना कुठलाही बटन सेल पोराच्या हाती लागता कामा नये. गिळला तर अन्ननलिका जाळतो, तडक दवाखाना गाठायचा.

ब्रिक गेममधले सेल अल्कलाइन असतील तर हातमोजे घालून इअरबडवर लिंबाचा रस घ्या आणि तो पांढरा थर पुसा. मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून पूर्ण सुकू द्या. आयपीए पेट घेतो, बाटली बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवल्यावरच आयर्न लावा.

---

सोल्डर_शिकाऊ

घरात मूल असताना शिशाची तार हवीच कशाला? बिनशिशाची घ्या.

---

जुना_रेडिओवाला

मुद्दा चुकीचा नाही. पण ती वितळते २१७ अंशांच्या पुढे, शिशाची ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) वितळते १८३ला. नवखा हात बिट जास्त वेळ दाबून धरतो, बोर्ड जळतो, धूरही वाढतो. शिवाय हे सामान जुनं, त्याच्या सांध्यांत शिसं आहेच, हात धुणं कुठे सुटतंय? तरी ताईंचं घर, निर्णय त्यांचा.

---

धागालेखिका

सगळ्यांचे आभार. फरशी ओली होती. इलेक्ट्रिशियन आज येऊन गेला. सॉकेटच्या मागची हिरवी वायर कापून टेप गुंडाळून ठेवली होती, किती वर्षांपासून कोण जाणे. त्याने ती जोडली, पण मेन बोर्डाकडेही अर्थिंग नाही म्हणाला, खाली अंगणात नवीन खड्डा घ्यावा लागेल. घरमालकांशी बोलणं चालू आहे. तोवर आयर्न कपाटात.

तार बिनशिशाचीच घेणार. ब्रिक गेम लिंबाने पुसला, त्याला तर वीज लागत नाही. एक स्प्रिंग पुसता पुसताच तुटली. अशी सुटी स्प्रिंग बर्डीवर मिळते का, की जुन्या रिमोटमधून काढू?

---

बर्डीचा_भाऊ

रिमोटमधून काढा. फुकटची असते, आन तशीच बसते.