कॉलेज अर्धवट सोडून एनबीएच्या ड्राफ्टमध्ये उतरावे का?

केरीचा शेजारी यांचा प्रश्न:

नमस्कार. आम्ही गेली बारा वर्षे नॉर्थ कॅरोलायनातील केरी येथे राहतो. मार्च महिना लागला की इथल्या कचेऱ्यांतसुद्धा ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांच्या बास्केटबॉल सामन्यांवाचून दुसरे बोलणे होत नाही, त्यामुळे खेळ थोडाफार कळू लागला आहे. आमच्या शेजारच्या मुलाची कॉलेजची दुसऱ्या वर्षाची स्पर्धा नुकतीच संपली. तो गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या जागेवर खेळतो, उंची सहा फूट तीन इंच. सुट्टीत घरी आला की सकाळी सहाला गॅरेजसमोर चेंडू आपटण्याचा आवाज सुरू होतो. डावा हात कच्चा आहे म्हणून उजवा हात खिशात खोचून तो तासभर केवळ डाव्या हाताने चेंडू खेळवत असतो.

ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याचे नाव नक्कीच पुकारले जाईल, बहुधा दुसऱ्या फेरीत, असे एक एजंट सांगतो, तर आणखी एक वर्ष थांब, असे प्रशिक्षक म्हणतात. दोघांचाही यात आपापला स्वार्थ आहे. मी हिशेबनीस असल्यामुळे त्याच्या आईने मला विचारले, पण मी शिक्षकाच्या घरात वाढलेला माणूस, माझ्या तोंडून "आधी पदवी घे" याखेरीज काय निघणार? या निर्णयात नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी सांगावे.

सेवाज्येष्ठता यांचे उत्तर:

पदवी की पैसा, असा हा प्रश्न दिसत असला तरी खरा प्रश्न ड्राफ्टमध्ये त्याचे नाव कितव्या क्रमांकाला येणार, हा आहे. 30 संघ, दोन फेऱ्या. आणि या दोन फेऱ्यांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार ठरलेल्या तक्त्यानुसार मिळतो, पहिली दोन वर्षे पक्की असतात आणि पुढच्या दोन वर्षांचा निर्णय संघाच्या हाती असतो; अगदी तिसाव्या क्रमांकाच्या मुलालाही पहिल्या वर्षी 25 लाख डॉलरच्या आसपास मिळतात. दुसऱ्या फेरीत असे कोणतेही बंधन संघावर नसते. अनेकांच्या वाट्याला मुख्य संघ आणि त्याचा जी-लीग या दुय्यम लीगमधील संघ अशा दोन्हीकडे खेळण्याचा दुहेरी करार येतो (2024-25 च्या हंगामात त्याचे 5,78,577 डॉलर होते), आणि तोही न मिळाल्यास निव्वळ जी-लीगच्या करारावर हंगामाचे 43 हजार डॉलर (हाही 2024-25 चाच आकडा) घेऊन बसने गावोगाव हिंडावे लागते. आपला सतनाम सिंग 2015 मध्ये 52 व्या क्रमांकावर डॅलसने निवडला, भारतभर पेढे वाटले गेले, परंतु एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही.

आता लवकर जाण्याच्या बाजूने जो सर्वांत भक्कम मुद्दा आहे, तो सरकारी नोकरी पाहिलेल्या माणसाला चटकन समजेल. एनबीएत कमाल पगार सेवेच्या वर्षांवर ठरतो: सहा वर्षांपर्यंत संघाच्या वेतनमर्यादेच्या 25 टक्के, सात ते नऊ वर्षांना 30 टक्के, दहा वर्षांनंतर 35 टक्के. जो एक वर्ष आधी रुजू होतो, तो प्रत्येक पायरीवर एक वर्ष आधी पोहोचतो, आणि अंगात बळ असतानाच एक मोठा करार जास्त पदरात पाडून घेतो. शिवाय संघ तरुण वयाला भाव देतात. 22 वर्षांच्या मुलामध्ये त्यांना उणिवा दिसतात, तर 19 वर्षांच्या मुलातील त्याच उणिवा त्यांना वाढीला असलेला वाव वाटतात. म्हणून कूपर फ्लॅगसारख्या मुलाने ड्यूकमध्ये दुसरे वर्ष काढणे हा वेडेपणा ठरला असता. तो एका वर्षानंतर बाहेर पडला आणि 2025 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. मात्र हा सारा हिशेब मोठा करार मिळणाऱ्यांसाठी आहे. तुमचा शेजारी त्यांत बसतो का?

बसत नसेल तर गेल्या काही वर्षांत चित्र पूर्ण पालटले आहे. 1 जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर पैसे कमावता येतात, आणि 1 जुलै 2025 पासून कॉलेजे त्यांना थेट मोबदला देऊ शकतात. मोठ्या कॉलेजांतील चांगल्या खेळाडूंचे आकडे 10 लाख डॉलर ओलांडतात. दुसऱ्या फेरीच्या उंबरठ्यावरचा मुलगा कॉलेजात राहून अधिक कमावतो, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी कोणी खरी मानली नसती. 2021 मध्ये कॉलेजची वर्षे पूर्ण होण्याआधीच ड्राफ्टसाठी नाव देणारे 353 जण होते. 2025 मध्ये हा आकडा शंभराच्या जरासा वर राहिला.

जुनी कात्रणे यांचे उत्तर:

वरील हिशेबात दुखापतीचा रकाना राहून गेला. ग्रेग ओडन ओहायो स्टेटमध्ये एक वर्ष खेळून 2007 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, दुसरा केविन ड्युरंट होता. त्याच सप्टेंबरमध्ये ओडनच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, पहिला हंगाम संपूर्ण वाया गेला, आणि सगळ्या कारकिर्दीत त्याचे मिळून 105 सामने झाले. लोक हे उदाहरण घाईचा परिणाम म्हणून देतात. मला ते नेमके उलट दिसते. तो गुडघा कॉलेजात गेला असता तर त्या काळी त्याच्या हाती शिष्यवृत्तीपलीकडे काहीच पडले नसते.

पदवीचे म्हणाल, तर ती कुठे पळून जात नाही. मायकेल जॉर्डनने 1984 मध्ये तीन वर्षांनी कॉलेज सोडले आणि 1986 मध्ये भूगोलाची पदवी घेतली. शकील ओनील 2000 मध्ये पदवीधर झाला, स्टीफन करी 2022 मध्ये, आणि ओडनसुद्धा 2019 मध्ये. टिम डंकन चारही वर्षे वेक फॉरेस्टमध्ये राहिला आणि तरी 1997 मध्ये पहिलाच निवडला गेला, हे खरे. पण जवळजवळ सात फूट उंचीच्या माणसाची वाट संघ पाहतात, सहा फूट तीन इंचांच्या गार्डची पाहत नाहीत.

तिसरा बाक यांचे उत्तर:

एक बाब येथे कोणी बोलत नाही. कॉलेज पूर्ण करावे, हा सल्ला बहुधा पोट भरलेल्या लोकांकडून येतो. बास्केटबॉलपटू स्पेन्सर हेवूडची आई मिसिसिपीत शेतात कापूस वेचत असे. शाळा संपून चार वर्षे पूर्ण होईपर्यंत एनबीएत येता येणार नाही, या नियमाविरुद्ध तो उभा राहिला आणि 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, म्हणून आज हा प्रश्न तरी विचारता येतो. पुढे केविन गार्नेट आणि कोबी ब्रायंट तर शाळेतून थेट आले. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या 2005 च्या करारात 19 वर्षे वय आणि शाळेनंतर एक वर्ष ही अट घातली गेली, ती मुलांच्या शिक्षणाच्या काळजीपोटी असेल असे मला वाटत नाही. त्या आईला आधी घरावर कर्ज किती आहे, हे विचारा.

केरीचा शेजारी:

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही बोललो. घरावर कर्ज आहे, पण हप्ते थकलेले नाहीत. नाव देऊन ठेवायचे, एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेची मान्यता असलेला एजंट नेमायचा, एनबीएच्या सल्लागार समितीचे मत मागवायचे, आणि पहिल्या फेरीचा अंदाज आला नाही तर मे महिन्याअखेरच्या मुदतीत नाव मागे घ्यायचे, असे ठरले आहे. मुदत उलटल्यावर परतीची वाट सहसा बंद होते, हे मी दोनदा बजावले.

एनबीएतील गार्ड जेलन ब्रन्सनने व्हिलानोव्हा विद्यापीठात तीनच वर्षांत पदवी पूर्ण केली आणि 2018 मध्ये 33 व्या क्रमांकावर डॅलसने त्याला घेतले, हे मला काल त्या मुलानेच सांगितले. त्यावर आईने फ्रिजवर लावलेले विषयांचे वेळापत्रक काढून टेबलावर ठेवले आणि उन्हाळी सत्रात किती विषय उरकता येतील, ते पेन्सिलीने मोजायला घेतले. नऊ निघाले. मुलगा म्हणाला, सात तरी करा.