कंट्री हाऊसमधलं खास जेवण फसलं, आता काय करता येईल?

चिमूटभर_मीठ
इंग्लंडमधल्या एका कंट्री हाऊस हॉटेलात लग्नाच्या वाढदिवसाचं सात कोर्सचं जेवण. लॅम्ब कोमट, प्लेट गार, सॉसवर साय. दुसऱ्या-तिसऱ्या कोर्समध्ये ५० मिनिटं गेली. बिलात साडेबारा टक्के ऐच्छिक सर्व्हिस चार्ज होता, तोही न बोलता भरला. चूक कुठे झाली असेल? आता काही मागता येईल का?

भटारखाना
साय हा पुरावाच समजा. प्लेट भरून झाली आणि वाढप्याची किंवा जोडीच्या दुसऱ्या प्लेटची वाट बघत अन्न गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली उभी राहिली. दिवा वरून तापवतो, सॉसचं पाणी उडतं, साय धरते. खाली गार प्लेट मांसातली ऊब ओढत राहते. लॅम्बची चरबी लवकर थिजते, म्हणून टाळूला मेण लागल्यासारखं वाटतं.

थोडं स्वयंपाकघराच्या बाजूनेही: गुलाबी लॅम्ब आतून ५५ ते ६० अंशांवरच असतं आणि भाजल्यावर पाच-दहा मिनिटं ठेवावंच लागतं, नाहीतर कापल्यावर रस प्लेटभर पसरतो. ते वाफाळतं कधीच येणार नाही. ऊब यायची ती तापवलेल्या प्लेटमधून आणि ऐनवेळी ओतलेल्या सॉसमधून. इथे दोन्ही चुकलं. याला सबब नाही.

साडेसातची_पंगत
५० मिनिटांचं बोला. टेस्टिंग मेनूत, म्हणजे अशा ठरवून दिलेल्या अनेक कोर्सच्या जेवणात, दोन कोर्समध्ये १५-२० मिनिटं ठीक, पण एवढा खोळंबा म्हणजे आत काहीतरी तुंबलं होतं. अशा हॉटेलांत बरेचदा एकच स्वयंपाकघर लग्नाचा हॉलही सांभाळतं. शंभर प्लेटा एकदम बाहेर काढायच्या असतील तर दोघांचं टेबल थांबतं. बुकिंग करतानाच विचारायचं, "त्या संध्याकाळी समारंभ आहे का?" आणि सगळे साडेसातला बसतात, तेव्हा पावणेसातचं टेबल घ्या.

कलमबहाद्दर
तिथल्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे (कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५) सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने द्यायला हवी. नसेल तर किंमत कमी करून मागता येते. बिल भरल्याने हक्क जात नाही. पण तिथल्या तिथे न बोलल्याने बाजू लंगडी होते, कारण सुधारायची संधीच त्यांना मिळाली नाही.

ईमेल मॅनेजरच्या नावे, याच आठवड्यात. तारीख, बुकिंगची वेळ, कोणत्या कोर्सला काय झालं, फोटो असेल तर तो. "फार निराशा झाली" एवढ्यावर थांबू नका, आकडा लिहा: लॅम्बच्या कोर्सचा अंदाजे वाटा आणि सर्व्हिस चार्ज. पूर्ण बिल मागाल तर बहुतेक गोड शब्दांत वाटाण्याच्या अक्षता मिळतील. बदल्यात व्हाउचर देऊ केलं तर ते घ्यायलाच हवं असं नाही. आणि रिव्ह्यू आधी टाकू नका, मग पत्र धमकीसारखं वाचलं जातं.

चिमूटभर_मीठ
आकड्यानिशी लिहितो. पण टेबलावर बोलायचं कसं? सणाच्या दिवशी भांडण नको वाटतं.

भटारखाना
दोन घासांतच सांगायचं, अर्धी प्लेट संपल्यावर नाही. वाढप्याला हळूच: "प्लेट गार आहे, दोन्ही परत नेता का?" दोन्ही म्हणा. एकच नेली तर एक जण जेवतो आणि दुसरा बघत बसतो. तीच प्लेट गरम करून आणली तर लॅम्ब करडं पडलेलं दिसेल. तेव्हा नवीन कापून द्यायला सांगा. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक लिहिला असेल तर कार्ड काढण्याआधी म्हणा, "हा काढून टाका." कारण द्यायची सक्ती नाही.